लिंबाच्या वरून जाणारा खांब

स्नेही अब्दुल रशीद यांस,

मी, मन्मथ काशिनाथप्पा बिरादार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पूर्वीचा धंदा मोंढ्यात तोलार, राहणार उदगीर, तुझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानासमोर, हे पत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. तू कार्तिकात गेलास. आता फाल्गुन आहे. इतक्या उशिरा लिहिण्याचे कारण असे की, आज सकाळी माझ्या अंगणातल्या कडुलिंबाला तांबूस पालवी दिसली.

त्या पालवीचा अर्थ मला तूच शिकवलास.

गेल्या वर्षी माघात तू गल्लीचे इंटरनेट उभे केलेस. खालच्या बोळात कंपनी तार टाकायला तयार नव्हती आणि तिथे मोबाइललाही रेंज नव्हती. कंपनीची परवानगी घेऊन तू दुकानात एक लाइन घेतलीस आणि छपराछपरावर पांढऱ्या डब्या बसवून ती बिनतारी पुढे नेलीस. कोणी पाइप दिला, कोणी पाण्याच्या टाकीवर जागा दिली. मी खाली उभा राहून खांब ओळंब्यात आहे की नाही ते सांगितले. दोनदा तू माझे ऐकले नाहीस आणि दोनदा तुला खांब काढून पुन्हा बसवावा लागला. हे तुला आठवत असेल.

तेव्हा लिंब निष्पर्ण होता. तुझ्या दुकानावरची डबी आणि खालच्या बोळात नसीमाच्या टाकीवरची डबी, दोघी त्याच्या फांद्यांमधून एकमेकींना पाहत होत्या. पुढे पालवी फुटली, पाला दाट झाला आणि खालच्या बोळाचे इंटरनेट बंद पडले. तू माझ्याकडे आलास.

"अप्पा, डबीला डबी दिसाया पायजे. मधी पाला आला की खेळ खलास."

मी म्हणालो, "फांदी तोड."

"एक तोडली तर दुसरी फुटंल. मला तुमच्या गच्चीवर खांब पायजे, लिंबाच्या वरून जाणारा."

"आजच लाव."

येथवर सर्व ठीक होते. मग तू खिशातून कोरा कागद काढलास आणि म्हणालास, "दोन ओळी लिहून द्या."

रशीद, मी चाळीस वर्षे काट्यापाशी उभा राहून वजन पुकारले. मी पुकारलेला आकडा शेतकऱ्यानेही मानला आणि अडत्यानेही मानला. माझ्याकडे लेखी कोणी मागितले नाही. आणि तू मागावेस? माझ्या घरची हुग्गी खाऊन मोठा झालेला तू?

तू शांतपणे म्हणालास, "तुमची जबान पत्थर की लकीर हाय, अप्पा. पण जबान माणसासंगं जाती. वरच्या आळीत म्हातारा गेला अन् त्याच्या पोरांनी तेराव्याला खांब उतरवला. परीक्षेच्या दिवसांत."

"म्हणजे मी उद्या मरणार?"

"तुम्ही कशाला? मी मरतो. कुणीबी मरतंय."

मी तुला सांगितले की, तोंडी हवे असेल तर खांब लाव, कागद हवा असेल तर माझ्या जिन्यावर पाय ठेवू नकोस. तू कागदाची घडी घातलीस आणि गेलास. माझी पत्नी गंगाबाई आतून म्हणाली, "भांडायला एवढं तोंड हाय, दोन ओळी लिवायला हात न्हाई का?"

पावसाळाभर खालच्या बोळातल्या मुली माझ्या ओट्यावर येऊन बसत, कारण तुझ्या दुकानाची रेंज तिथवर येई. नसीमाची मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाचा अभ्यास करत होती. पावसाची तिरपी सर आली की ती फोन ओढणीखाली धरी आणि वही भिजू देई. मी मुलींना सतरंजी दिली आणि माझे कर्तव्य संपले असे समजलो. तू समोरून सर्व पाहत होतास. एकदाच म्हणालास, "सतरंजी चांगली हाय, अप्पा. खांबाला याहून कमी जागा लागती."

त्या दिवशी मी तुला हाक का मारली नाही? मला कारण ठाऊक आहे. ते लिहिण्याइतके चांगले नाही.

तू गेल्यावरही मी नमलो, असे समजू नकोस. माघात लिंब झडला, खालच्या बोळाचे इंटरनेट आपोआप सुरू झाले आणि मला वाटले, प्रश्न मिटला. आज पालवी पाहून मी तुझ्या शबानाला खांब लावायला सांगितले. दुकान आता तीच चालवते. ती म्हणाली, "कागद द्या, अप्पा. अब्बांनी बजावलंय." तरीही मी तोंडीवर अडून राहिलो आणि लातूरला मुलाला, बसवराजला, फोन लावला. खांब कायम राहील ना, एवढेच विचारले. तो म्हणाला, "तुमच्या हयातीत राहू द्या, अप्पा. पुढचं पुढं बघू."

बसवराज वाईट मुलगा नाही. त्याला त्या गच्चीवर मजला चढवायचा आहे. परंतु माझ्या शब्दाचे वजन माझ्याच मुलाने मला पुकारून दाखवले. तुझे म्हणणे मला तेव्हा पटले, तुझ्या मयतीला आलो होतो तेव्हा नाही. हे मी लपवत नाही.

तेव्हा हेच पत्र संमतीपत्र समजावे. कागद तुझ्या नावे आहे, कारण तो तू मागितला होतास. सदर खांब माझ्या गच्चीवर राहील. घर विकले, पाडले किंवा त्यावर मजला चढवला, तरी आधी खांबाला तितकीच उंच जागा दिली जाईल आणि त्यानंतरच जुनी जागा सोडवली जाईल. हे माझ्यावर आणि माझ्या मागे माझ्या मुलावर बंधनकारक आहे. हे वचन मी तुला देतो.

शबाना खांब भिंतीला टेकवून खाली उभी आहे. चहा घे म्हटले तर म्हणते, आधी सही. तुझीच मुलगी आहे.

तुझा,
मन्मथअप्पा

समक्ष हजर: माझी पत्नी गंगाबाई, जिने हा मजकूर दोनदा वाचून घेतला. खालच्या बोळातील नसीमा. आणि माझा मुलगा बसवराज, जो मी पुन्हा फोन करून बोलावल्यावर दुपारच्या बसने लातूरहून आला, "इतकं कडक लिहायला पायजे होतं का?" असे म्हणाला, आणि ज्याची सही माझ्या सहीखाली आहे.