ढब्बू आणि माझ्या आरोग्यकथा

१ जून
मुलांच्या मासिकात आरोग्यकथांचं सदर मिळालं! दर महिन्याला एक गोष्ट. संपादकबाई म्हणाल्या, हसतखेळत लिहा. हो म्हणालो. हसतखेळत काय डोंबल कळतं मुलांना! मुलांना भीती कळते. मी लहानपणी सगळ्याला भ्यायलो म्हणून आज माणसात आहे.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून लेखन. सिगारेट बंद, आरोग्यावर लिहिणाऱ्याच्या तोंडाला वास नको. आणि प्रत्येक गोष्ट आधी ढब्बूला वाचून दाखवायची. ढब्बू म्हणजे आमची कन्या, वय सात. गाल बघून नाव पडलं. स्वतःचं ताट संपवते आणि मग दुसऱ्याच्या ताटात काय उरलंय ते बघते. असा निरोगी वाचक शोधून सापडायचा नाही.

२ जून, सकाळी साडेनऊ
पाचला उठलो नाही. अपुरी झोप आरोग्याला घातक. यावर पुढेमागे लेख होईल.

९ जून
पहिली गोष्ट तयार. उंदीर चॉकलेट खातो, दात घासत नाही, दात किडतो, कीड मेंदूत जाते, उंदीर मरतो. शास्त्राच्या जरा पुढे गेलोय, पण लेखकाला तेवढी मोकळीक हवी. काल रात्री ढब्बूला जेवताना वाचून दाखवली. ती उठली, दप्तरातलं चॉकलेट आणलं आणि कचऱ्यात टाकलं. याला म्हणतात इम्पॅक्ट!
सकाळी बायको म्हणाली, पोरगी झोपेत दचकत होती. लेखणीत दम असल्याशिवाय कोणी उगाच दचकत नाही.

४ जुलै
खार न धुतलेलं सफरचंद खाते. मरते. संपादकबाईंचा फोन. खारीला थोडं पोटात दुखून भागणार नाही का, असं विचारत होत्या. म्हटलं, बाई, पोटदुखीने आजवर कोणाचे डोळे उघडलेत? नाराज वाटल्या. पान भरायचं होतं म्हणून छापली.
ढब्बूने फळं सोडली. बायकोने तिच्यासमोर तीनतीनदा धुऊन दिली, तरी नाही. बायकोची कुरकुर. या बाईला माझा रिझल्ट कधी दिसतच नाही.

२ ऑगस्ट
घास नीट न चावणारं अस्वल. घशात अडकून खलास. ढब्बू आता एकेक घास इतका वेळ चावते की आमचे हात वाळतात. शेवटी थुंकून टाकते. असो, चावण्याचा मुद्दा पोचला.
सिगारेट कमी केली आहे. म्हणजे घरात ओढत नाही, बाल्कनीत ओढतो.

११ ऑगस्ट
वर्गशिक्षिकेचा फोन. ढब्बू मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही. वर शेजारच्या दोन मुलींनाही सांगते की खाल्लंत तर मराल. आता त्यांचेही डबे बंद. मी विचारलं, त्या दोघी आमच्या मासिकाच्या वर्गणीदार आहेत का? बाईंनी फोनच ठेवून दिला. शिक्षकांना बालसाहित्याशी काही देणंघेणं उरलेलं नाही.

२८ ऑगस्ट
बायकोशी भांडण. म्हणाली, पोरीचे फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागलेत, तुमच्या त्या गोष्टी घाला चुलीत. मी शांतपणे समजावलं की मुलांचा लठ्ठपणा हा जगापुढचा प्रश्न आहे आणि आपल्या घरात तो सुटला आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. पटलं असावं. मग स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी आपटत होती.
ढब्बू हे नाव मात्र आता जरा शोभत नाही. दुसरं सुचलं की बघू.

६ सप्टेंबर
सदराचा कळस! हरणाचं पाडस तळ्याचं पाणी पितं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू. पोटात जाऊन त्यांना पिल्लं होतात, पिल्लांना पिल्लं होतात. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. संपादकबाई म्हणाल्या, या महिन्यात एक तरी जीव जगू द्या हो. म्हणून मी पाडसाची आई जगवली. ती रडत राहते.
ढब्बूने पाण्याचा ग्लास खिडकीच्या उजेडात धरून खूप वेळ पाहिला आणि खाली ठेवला. निरीक्षणशक्ती माझ्यावर गेली आहे.

९ सप्टेंबर, दुपार
ढब्बू शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली. दवाखान्यात ठेवलंय. हाताला सलाईन. आज ऊनच फार होतं.

९ सप्टेंबर, संध्याकाळ
डॉक्टरीणबाई वयाने लहान, तोंडाने फटकळ. हिच्या डोक्यात हे पाण्याचं खूळ कोणी भरवलं, असं विचारलं. बायकोने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. मी पाडसाच्या गोष्टीची प्रत पुढे केली. म्हटलं, बाहेरच्या बाकांवर ठेवायला होईल. त्यांनी उभ्या उभ्या गोष्ट वाचली. मग म्हणाल्या, आठवडाभरात पोरीने तोंडाने खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. गोष्टींनी बिघडवलंत, आता गोष्टीनेच सुधारून बघा. कोणीतरी जेवतं आणि त्याला बरं वाटतं, एवढंच लिहा.
एवढंच! हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

१० सप्टेंबर
ससा सूप पितो. सूप गरम. जीभ भाजते. जखम चिघळते. फाडली.

११ सप्टेंबर
कासव केळं खातं. छान वाटतं. सालीवरून घसरतं, उताणं पडतं. उताण्या कासवाला उठता येत नाही. तीन दिवस ऊन. फाडली. संघर्षाशिवाय गोष्ट उभी राहत नाही, हे दवाखान्यातल्या लोकांना कोण सांगणार?

१३ सप्टेंबर
जमली! माकड भात खातं, झोपतं, सकाळी उठतं. अळणी आहे, पण लेकीसाठी तेवढं करायलाच हवं. उशाशी बसून वाचली. पहिल्याच ओळीला ढब्बूने विचारलं, यात कोण मरतं? म्हटलं, कोणीच नाही. तिने पुन्हा विचारलं. गोष्ट संपली तरी माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी शेवट लपवतोय अशी तिची खात्री होती. बायकोने चमचा पुढे केला, तर ओठ घट्ट मिटले. तिचं मनगट धरलं. माझ्या दोन बोटांत मावलं.
लेखकाची भूमिका समजावून सांगायला गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी मला जेवणाच्या वेळी वॉर्डात यायलाच बंदी केली.

१५ सप्टेंबर
संपादकबाईंचा फोन. सदर बंद. पालकांच्या तक्रारी आल्या म्हणे. पालकांनी बालसाहित्य वाचूच नये.
उद्या नळी घालणार. कागदावर सही बायकोने केली. मी पेनचं टोपण तीनदा काढून तीनदा लावलं. सकाळपासून सिगारेट नव्हती, त्यामुळे असेल.

१६ सप्टेंबर, दुपार
वॉर्डाबाहेरच्या बाकावर. आतून बायकोचा आवाज. वाटलं, रडतेय. हसत होती. नर्स डोळे पुसत बाहेर आली. म्हणाली, नळी राहू दे, पोरीने वाटीभर भात खाल्ला, पाणीसुद्धा प्यायली! मी विचारलं, माकडाची गोष्ट उशिरा का होईना लागू पडली ना? ती म्हणाली, छे, माकड कुठलं! ढब्बूने स्वतःच एक गोष्ट रचली आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकवली. एक बाबा असतो. तो रोज गोष्टी सांगतो. एक दिवस तो मरतो. मग मुलीला खूप भूक लागते.
दर घासाला तीच सांगते म्हणे. बाबा मेला की आ करते.
सुरुवात चांगली आहे. पाल्हाळ नाही. शेवटाबद्दल मला आत्ता काही म्हणायचं नाही.

१६ सप्टेंबर, संध्याकाळ
डॉक्टरीणबाई आज पहिल्यांदाच माझ्याशी गोड बोलल्या. शेजारी बसल्या. म्हणाल्या, रागावू नका, पण घरी गेल्यावरसुद्धा काही महिने, तिच्या जेवणाच्या वेळेपुरते, तुम्ही मेलेलेच बरे. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
आत ढब्बू आणखी भात मागत होती. मी बाकावरून उठलो आणि जिन्यापाशी जाऊन उभा राहिलो.