हात दाखवला तरच

२१ सप्टेंबर, शनिवार
गार्डने आज सगळ्या डब्यांसमोर झापलं. "मावशी, गाडी थांबवली की चढायचं असतं. नुसता हात दाखवायचा तर ज्योतिष्याला दाखवा." सहलीवाले खिडक्यांतून खिदळले. मी टोपली त्याच्या हातात कोंबली. म्हटलं, अंडी चढतायत की! माणूसच चढला पाहिजे असं कुठे लिहिलंय? हसला, घेतली. माणूस वाईट नाही.

ही शनिवार-रविवारची गाडी आमच्या घरासमोरच्या हॉल्टवर एरवी थांबत नाही. फलाटावरून कोणी हात दाखवला, नाहीतर आतून कोणी उतरणार असेल आणि त्याने गार्डला आधी सांगितलं, तरच. सकाळी शहरातून येते, संध्याकाळी परत जाते. टोपली तिकडे स्टेशनावर ताई घेते आणि रिकामी करून रविवारी सकाळी परत पाठवते. आत चिठ्ठी नाही, निरोप नाही. नोकरी संपल्यावर मी इथे घर घेतलं तेव्हा ती म्हणाली होती, "कोंबड्यांत राहायचं तर तू राहा. मी त्या रानात पाय ठेवणार नाही." बरं, नको ठेवूस!

२२ सप्टेंबर, रविवार
टोपली आली. रिकामी. वाटेत तीन फुटली होती, गार्ड म्हणाला.

२९ सप्टेंबर, रविवार
टोपलीला आतून कप्पे! एकेका अंड्याला एकेक, मऊ गादी घालून. ताईची शिवण मी डोळे झाकून ओळखीन. मग कापड नीट बघितलं. माझा हिरवा कोट! तिच्या दारामागच्या खुंटीवर मुद्दाम ठेवून आले होते. बाईने सरळ कात्री चालवली. विचारायचं तरी!

दिवसभर धुसफुसत होते. माझं काहीच नकोय का तिला आता त्या घरात?

५ ऑक्टोबर, शनिवार
कप्प्यात अंडं जागचं हलत नाही. तेवढं मान्य.

गाडी या महिन्याच्या सत्तावीसपर्यंतच. मग थेट एप्रिलात. मधे दोन बस बदलून यायचं, ते तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही. तिकडे तीन जिने एकटीने चढते-उतरते, पडली तरी कोणाला सांगायची नाही. तिने यावं. यावं आणि राहावं. लिहून टाकलं, झालं. विचारणार मात्र नाही – मागच्या वेळी विचारून काय मिळालं?

गार्डला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "ताईला सांगा, शेवटची गाडी सत्तावीसला."
"आणखी काही?"
"आणखी काही नाही."

६ ऑक्टोबर, रविवार
"सांगितलं," गार्ड म्हणाला. "म्हणाल्या, मला कॅलेंडर वाचता येतं."

१२ ऑक्टोबर, शनिवार
दोन कोंबड्या खुडूक होऊन बसल्यात. हलत नाहीत, कोणाचं ऐकत नाहीत. आमच्या घराण्यावर गेल्यात.

२० ऑक्टोबर, रविवार
टोपली भरलेलीच परत आली. "घ्यायला कोणी आलंच नाही, मावशी." ताईकडे फोन नाही, तिला नको असतो. तिच्या जिन्याखालच्या दुकानदाराला लावला. तो म्हणाला, "शिवणवाल्या बाई ना? ठणठणीत आहेत की. कालपासून माळा आवरतायत."

हायसं वाटलं आणि मग जो राग आला! माळ्याला वेळ आहे, माझ्या अंड्यांना नाही. इथे माझा जीव टांगणीला आणि ही बसलीये जाळी झटकत.

२६ ऑक्टोबर, शनिवार
हॉल्टवर गेलेच नाही. चार अंड्यांचं आम्लेट केलं. अर्धं तसंच राहिलं.

२७ ऑक्टोबर, रविवार
शेवटची गाडी म्हणून सकाळी गेले. नुसती बघायला. दोन्ही हात पाठीमागे, घट्ट धरून. गाडी थांबली.

आधी गार्डने शिलाई मशीन उतरवलं, मग ताईला. फलाटावर उभी राहून धापा टाकत म्हणाली, "तो कोट खुंटीवर होता तोवर वाटायचं, तू येशील परत. म्हणून कापला. आता बघतेस काय, मशीन उचल की."

संध्याकाळी आम्ही दोघी दारात बसलो होतो. गाडी हॉल्टवरून तशीच पुढे निघून गेली. कोणी हात दाखवला नाही.