तीन तासांत पोचेल असं माणूस

नोएडा, सेक्टर ७८
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अलकाताई,

नमस्कार, भावोजींनाही सांग. गुरुवारनंतर फोन तू उचलत नाहीस, म्हणून चक्क कुरिअरनं पत्र! हसू नकोस. इकडे आम्ही बरे. या हवेनं सगळ्यांचे घसे धरलेत, केतन अजून बंगळुरूलाच, इशिता बाबाची वाट बघतेय. तुझा गुडघा कसा आहे?

आता गुरुवारचं. आमची कंपनी संरक्षण खात्याच्या कामांना इंजिनिअर पुरवते, हे तुला माहीतच आहे. माझ्याकडे आणीबाणीचं नियोजन असतं. उद्या ऑफिस बंद पडलं तर कोणी कुठे जायचं, कोणतं काम कुठून चालू ठेवायचं, वगैरे. गुरुवारी त्याचीच रंगीत तालीम होती. आम्ही पंधराजण दुसऱ्या जागी गेलो, मोबाईल गेटवर जमा. मागे राहिलेल्यांनी आमच्या घरच्यांना फोन करायचे होते. फोनवर काय बोलायचं ते मीच लिहून दिलं होतं. आणि ताई, 'ही तालीम आहे' हे वाक्यच त्यात घालायचं राहिलं! बाकीच्यांनी घरी आधीच सांगून ठेवलेलं. मी कशी सांगणार? घरचं माणूस म्हणून फॉर्मवर तुझं नाव दिलं होतं, पण तुला विचारलंच नव्हतं.

म्हणून तुला कळलं ते एवढंच, "हेमांगी मॅडम को शिफ्ट किया गया है, बच्ची को आप ले लीजिए."

सहाला मोबाईल हातात आला. तुझे तेवीस मिस्ड कॉल. दोन वर्षांत एक नाही आणि एकदम तेवीस! फोन केला तर तू म्हणालीस, "जेवलीय ती. शेजारी सरलाकाकूंकडे ठेवून निघतेय." आणि ठेवलास.

बाकीचं इशितानं सांगितलं. गुरुग्रामहून टॅक्सीनं आलीस, घरातल्याच चपलांवर. शाळेत आधार कार्ड दाखवून तिला घेतलंस. काकूंकडून किल्ली घेऊन घर उघडलंस, वरणभात केलास, भरवलासही. "मम्मा, मी नऊ वर्षांची आहे यार! मावशी ऐकतच नव्हती." मी कुठे आहे विचारल्यावर तिला म्हणालीस, "आई कामात आहे, बिल्कुल ठीक आहे." तुला स्वतःला काही ठाऊक नसताना! कुठून आणलंस गं एवढं बळ?

फॉर्मवर तीन तासांत पोचेल असं माणूस लिहायचं असतं. गुरुग्राम जवळ पडतं म्हणून ताई, असं मी ऑफिसात सांगितलं. साफ खोटं. इथे नोएडातच ओळखीचे छप्पन्न जण आहेत. पण पोरीला कुणाच्या हाती द्यायचं म्हटल्यावर मला दुसरं कुणी सुचलंच नाही.

आणि त्याच तुला मी आईच्या वर्षश्राद्धाला चारचौघांत म्हणाले, "तुला मूल नाही, तुला काय कळणार." काय होता तुझा गुन्हा? पोरीला ताप आहे, तिला झोपू दे, म्हणालीस. नंतर मी सगळ्यांना सांगत सुटले की ताई उगाचच रुसली. उगाच नाही गं. ते मी तुला लागावं म्हणूनच बोलले होते. चुकलं माझं. हे म्हणायला दोन वर्षं लावली, याची जास्त लाज वाटते.

येत्या रविवारी आम्ही दोघी तुझ्या दारात येतोय. उघडलंस तर आत येऊ. नाही उघडलंस तर परत जाऊ, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊ.

तुझ्या इशिताची आई,
हेमांगी