पिंडाला शिवलेला पक्षी

११ मे, रविवार

जीभ आवरत नाही मला! आज शेजारच्या तुळशीरामकाकांचा दहावा. गाढी नदीच्या घाटावर सगळे उन्हात ताटकळलेले. पिंड मांडलेला, बाजूला पिकल्या पपईची फोड – काकांना फार आवडायची. भिंतीवर दोन गावकावळे, राखाडी मानेचे, ढिम्म बसून होते. शिवायचं नाव नाही. एकेक जण पुढे होऊन, हात जोडून काकांना काहीबाही कबूल करत होता. काकांचे जुने दोस्त इक्बालभाई मागे उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, दुबईतल्या अरसलानला दाखवायला. त्यांचा हा मुलगा काकांच्याच अंगाखांद्यावर वाढलेला.

शेवटी काकांचा मुलगा मितेश पुढे झाला. 'बाबा, आयेला या घरातून नाय हलवनार मी. शब्द देतो.' आणि पिंपळातून एक काळाभोर पक्षी सपकन उतरला, चोच लावली, उडाला! 'शिवला, शिवला!' सत्यवतीकाकूंनी डोळ्यांना पदर लावला.

आणि मी काय करावं? बोट दाखवून, मोठ्यानं – 'अहो, कावळा कुठे? कोकीळ होता तो! नर!'

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कर्नाळ्याला लोकांना पक्षी दाखवायला नेते ना, त्याच खणखणीत आवाजात बोलले. चष्मा पर्समध्ये! काकूंनी पदर डोळ्यांवरून काढलाच नाही. निघताना पिंडाजवळ पडलेलं एक पीस मात्र आठवणीनं उचलून आणलं. वा, वल्लरीबाई.

१२ मे, सोमवार

सकाळी काकू कुंपणापाशी आल्या. त्यांचं परसू आणि आमच्या बिल्डिंगची भिंत लागूनच. 'बाय, कावलाच व्हता ना गो?'

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण मी सांगत सुटले – गावकावळ्याची मान राखाडी. डोमकावळा सबंध काळा, चोच जाडजूड. नर कोकीळ अंगानं बारीक, शेपूट लांब, पिसांना हिरवट-निळी झाक, डोळा लालभडक. नवरा जाऊन दहा दिवस झालेल्या बाईला मी पिसांवर व्याख्यान दिलं! त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'म्हंजे ते आलेच नाय.' आणि आत गेल्या.

संध्याकाळी मितेश आमच्या खिडकीखाली फोनवर. 'मॅडमच बोलल्या ना, कावला नवता. बाबांनी आयकलाच नाय, मग शब्द कुठला? घर बिल्डरला देवू. आयेला कोन गावाला मामाकडे ठेवू.'

त्या घरावर बिल्डरचा डोळा आहे हे अख्ख्या विचुंबे गावाला माहीत आहे. काका असेपर्यंत कोणाची टाप नव्हती. आता वाट मोकळी झाली – माझ्यामुळे. जेवण गेलं नाही.

१३ मे, मंगळवार

पीस आज नीट पाहिलं. चष्मा लावून, गॅलरीतल्या उन्हात धरून. माझ्या वितीपेक्षा लांब, रुंद. झाक जांभळी. कोकिळाच्या पंखात एवढं मोठं पीस नसतंच. हे कावळ्याचं! सबंध काळा होता तो, म्हणजे डोमकावळा. पुन्हा पाहिलं. उलटून पाहिलं. कावळ्याचंच.

म्हणजे बोलायला नको होतं ते बोललेच, वर चुकीचंही बोलले.

आणि पहिला विचार कुणाचा आला? काकूंचा नाही, पक्ष्यांच्या ग्रुपचा! रविवारी घरी आल्या आल्या तिथे टाकलं होतं – 'पिंडाला चक्क कोकीळ शिवला!' अविनाशसरांनी लिहिलं, 'तुमची नजर म्हणजे नजर.' ते मी परत परत वाचलेलं. आता कुठल्या तोंडानं सांगू? इक्बालभाईंकडे व्हिडिओ आहे, पण मागायचा म्हणजे त्यांनाही सगळं सांगणं आलं. शी! माझीच मला किळस आली. डोकं दुखतंय म्हणून काकूंकडे गेले नाही. दुखत नव्हतं.

१४ मे, बुधवार

तेरावा. काकूंची ट्रंक ओटीवर आणून ठेवलेली. त्यांना न्यायची तयारी झाली होती. पीस रुमालात गुंडाळून नेलं होतं.

पंगत बसायच्या आधी, सगळ्या भाऊबंदांसमोर मितेशला म्हटलं, 'मी चुकले. तो डोमकावळा होता. हे बघ त्याचं पीस.' मितेश म्हणाला, 'परवा कोकीळ, आज कावला! उद्या काय, मॅडम?' दोन-तीन जण हसले. हसणारच. मी म्हटलं, 'चष्मा नव्हता लावला. तोऱ्यात बोलले.' तेवढं म्हणताना जमीन दुभंगावी असं वाटलं.

मितेशचे थोरले चुलते उठले. पीस हातात घेतलं, ओठांशी नेलं की कपाळाला लावलं, मला नीट दिसलं नाही. डोळे भरले होते माझे. 'मितेश, शब्द दिलास तू,' एवढंच बोलले. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यानं ट्रंक उचलली आणि आत नेऊन ठेवली.

काकूंनी पीस देवाजवळ ठेवलं.

१५ मे, गुरुवार

ग्रुपवर चूक लिहिली. अविनाशसर – 'घाई करू नये.' बरोबर आहे!

१७ मे, शनिवार

इक्बालभाई दुकानातून उठून आले. फोन पुढे केला. 'मॅडम, जरा बघा. अरसलान विचारतोय, चाचांच्या पिंडाला शिवला तो कावळाच ना?'

चष्मा लावला. चित्र मोठं केलं. आधी पपईत चोच, मग पिंडाला. चोच बारीक, फिकट हिरवी. शेपूट लांब. डोळा लालभडक.

पीस दुसऱ्याच कुठल्या कावळ्याचं होतं.

पलीकडे काकू परसातल्या केळीला पाणी घालत होत्या.

'कावळाच,' म्हटलं. 'आणि तो व्हिडिओ पुसून टाका, इक्बालभाई.'

लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.