कोरियाच्या वाडग्यातला भात

९ सप्टेंबर, मंगळवार
रजा टाकून 'कोरिया' माळ्यावरून काढला. घरात त्या ट्रंकेला हेच नाव. आजोबा लढाईच्या वेळी तिकडे लष्करी दवाखान्यात कंपाउंडर होते. येताना चार वस्तू आणल्या: हिरवा वाडगा, पांढरी बरणी, वाघाचं चित्र, शिंपल्याची नक्षी असलेली काळी पेटी. त्यांनी आणल्या, बाबांनी सांभाळल्या, आता मी. सांभाळणं म्हणजे नेमकं काय, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.
संग्रहालयातल्या मॅडमनी फोटो पाहून वस्तू देण्याचा फॉर्म पाठवलाय. वाडगा सात-आठशे वर्षं जुना असू शकतो म्हणाल्या. "प्रत्येक वस्तू कशी मिळाली ते खरं लिहा, बाकी आम्ही बघू." चारही वस्तू एकत्र आणि जाणत्या हातात राहाव्यात, एवढंच मला हवंय.
आई : "पितृपक्षात घरातलं बाहेर काढू नये."
मग कधी?
"दसरा होऊ दे."

१३ सप्टेंबर, शनि.
उल्हासनगर, कॅम्प ५. वाघाची फ्रेम फोटोसाठी उघडून घ्यायला गेले. फ्रेमवाले लछूभाई बाबांना ओळखायचे. उघडल्यावर कळलं, वाघ प्लायवूडवर चिकटवलेला आहे, पूर्ण. "दीदी, पापाजी खुद बोले थे, ऐसा चिपकाओ कि सात पीढ़ी ना निकले."
लछूभाईंनी शब्द पाळला. कसरीची कीड मात्र मागून शिरलीच. वाघाचा पुढचा पंजा गेला. वरच्या फांदीवरचा पक्षी शाबूत आहे आणि वाघाला हसतोय.
बाबांवर चिडायचं तर ते दोन वर्षांपूर्वी गेले. शिवाय त्यांनी ते मायेनंच केलं होतं. म्हणून तर जास्त चिडचिड होते.

१४ सप्टेंबर, रवि.
मंदारकडे, सोनिवलीला. नवं घर, चौदावा मजला. धाकट्या भावाचं सगळं ठरलेलं होतं. "वाघ हॉलमध्ये लावतो. बरणी कोपऱ्यात, खालून लाइट टाकू. वाडगा तू घे."
म्हटलं, संग्रह आहे तो, वाटायचा नसतो.
"ताई, चार वस्तूंना संग्रह नाही, सामान म्हणतात."
वहिनी हसली. मीही हसले. अंबरनाथला घरी पोचेपर्यंत स्वतःवरच राग, हसले कशाला म्हणून.

१८ सप्टेंबर, गुरु.
माझ्या हातून झालं.
दर दसऱ्याला वाडग्याची पूजा, आजोबांपासून. हळद-कुंकवाची बोटं, मग आत मूठभर गरम भात. संध्याकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, नंतर तो कावळ्यांना. इतक्या वर्षांची हळद झिलईतल्या केसासारख्या भेगांमध्ये उतरली आहे. फोटोत पिवळट दिसत होतं म्हणून कोमट पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घालून पुसला.
भेगा लाल झाल्या. सगळ्या. आतून बाहेरून लाल जाळं.
हळदीला क्षार लागला की ती लाल होते. बावीस वर्षं केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काढली मी. कुठली शाळकरी पोरही सांगेल.
आई : "बघ, कुंकू उमटलं. घर सोडायचं नाही म्हणतंय ते."
तिला रसायनशास्त्र समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि वाडग्याला नमस्कार केला.
लिंबू लावून बघावं का? नको. मॅडमना फोटो पाठवला. उत्तर : "कृपया आता कशालाही हात लावू नका."

२१ सप्टेंबर, रवि., सर्वपित्री
पेटीचा तळ सुटा आहे, इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. (की कळलं होतं?) खाली चिठ्ठी. आजोबांचं अक्षर, पेन्सिल. तशीच उतरवते.
'गावात कोणी नव्हते. चूल गरम होती. हिरव्या भांड्यात भात वाढलेला होता. दोन दिवस उपाशी होतो. खाल्ला. भांडे टाकून येववेना, बरोबर घेतले.'
आणि आम्हाला काय माहीत? की एका पेशंटच्या आईनं वाडगा भेट दिला. बाबा दर दसऱ्याला सांगायचे. "तिनं असा दिला, दोन्ही हातांनी," म्हणत स्वतःचे दोन्ही हात पुढे करायचे. मला त्या बाईचा चेहराही माहीत आहे असं वाटायचं. अशी बाई नव्हतीच. किंवा होती, पण ती घर सोडून पळाली होती. पानावरून उठून.

२३ सप्टेंबर, मंगळ.
मंदारला फोनवर वाचून दाखवलं. तो : "गावाचं नाव आहे?" नाही. "माणसाचं?" नाही. "मग परत कुणाला देणार? भेट लिहून टाक. सत्तर वर्षं तेच चालत आलंय. ताई, घरी तरी ते लॅबचं क्वालिटी कंट्रोल बंद ठेव."
त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हाच वैताग. पण लॅबच्या कागदावर कुणी असं माहीत असून खोटं लिहिलं, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी आत येऊ देणार नाही.
मग काय लिहू? 'लुटला'? उपाशी माणूस होता. 'सापडला'? वाढलेला भात कधी सापडतो का.

२८ सप्टेंबर, रवि.
आज आईला सांगायचंच म्हणून बसले. ती भगर निवडत होती. म्हटलं, आजोबांचं काही सापडलंय, पेटीत.
तिनं मान वर केली नाही. "त्यांचं आहे ना? मग जागच्या जागी ठेव."
चिठ्ठी माझ्या हातातच राहिली. तिला माहीत आहे? की नुसती नेहमीची शिस्त? विचारण्याचं धैर्य झालं नाही, आणि हे मी 'तिला त्रास नको' या नावाखाली खपवते आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
सगळे जमले. पाटावर चारही वस्तू. वाडगा अजून लालसर. बाबा नाहीत म्हणून गोष्ट मी सांगायची.
आई : "सांग ना. मुलं थांबलीत."
"आजोबा कोरियाला होते. त्यांना भूक लागली होती."
मंदारचा मुलगा : "मग?"
मंदारनं माझ्याकडे पाहिलं आणि सूत्रं हातात घेतली. "मग एका पेशंटच्या आईनं त्यांना हा वाडगा दिला. असा." दोन्ही हात पुढे. हुबेहूब बाबा.
मी दुरुस्त केलं नाही. सणाचा दिवस म्हणून की भित्री म्हणून? दोन्ही.

३ ऑक्टोबर, शुक्र.
सकाळी आई वाडगा कोरड्या फडक्यानं पुसत होती. आपणहून बोलली.
"काल पूजेच्या वेळी दार लोटलेलं होतं. मामंजी असते तर ओरडले असते. ते भात घालायचे तेव्हा बाहेरचं दार उघडं ठेवायला लावायचे. मी नवी होते, म्हटलं, मांजर येईल. तर म्हणाले, ज्यांचा आहे ते आले तर?"
मी फॉर्म काढला. 'कशी मिळाली' या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं, 'घेतला.' तिला वाचून दाखवलं. म्हटलं होतं, रडेल, रागावेल.
तिनं वाडगा फडक्यात गुंडाळला, ट्रंकेत ठेवला. मग म्हणाली, "नुसतं तेवढंच नको. भाताचंही लिही."
कुठल्या भाताचं, खाल्लेल्या की ठेवलेल्या, ते मी विचारलं नाही. रकाना दीड ओळीचा आहे. फॉर्म अजून टेबलावर.