जनाबाईंना टेप फुकट वाटू देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
वैनगंगा संगणन केंद्र, नागपूर.

अर्जदार : जनाबाई मारोतराव निमजे, राहणार गोळीबार चौक, नागपूर. धंदा : हातमागाच्या कांड्या भरणे.

विषय : मयत मुलाने सुधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम ज्याला लागेल त्याला विनामूल्य देण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : मुलाची टेप आपण अर्जदारास परत केली, ती.

महोदय,

अर्जदार निरक्षर आहेत. त्यांच्या सांगण्यावरून हा अर्ज कचेरीबाहेर बसणारे अर्जलेखक मनोहरराव लिहीत आहेत. मध्ये कुठे सरकारी भाषा सुटली असल्यास तो दोष अर्जलेखकाचा समजावा.

१. अर्जदाराचा एकुलता मुलगा शरच्चंद्र आपल्या केंद्रात प्रोग्रामर होता. केंद्राचे यंत्र ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालते ती कंपनीने त्या वेळी सोर्स कोडसकट दिली होती. म्हणजे तिच्या आत काय लिहिले आहे ते वाचता येई, बदलताही येई. शरच्चंद्रने रात्रंदिवस डोके घालून ती बदलली आणि इंग्रजीशिवाय काही न छापणाऱ्या यंत्राकडून मराठी छापून घेतले. पहिला शब्द छापला तो 'जनाबाई'. कागद घेऊन तो तडक घरी आला आणि आईचे बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवले. बोटाला ओली शाई लागली. अर्जदारांनी ते बोट त्या दिवशी धुतले नाही.

२. हे काम शरच्चंद्रने कोणापासून लपवले नाही. अमरावतीच्या एका प्राध्यापकांनी टेपवर उतरवून नेले, कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या मित्राने नेले. अर्जदारांनी काळजीने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आपल्या गल्लीतल्यावानीच हाये हे, आई. ज्याले लागते त्यानं न्यावं, अन् सुधारलं त येऊन दाखवावं." अर्जदारांच्या गल्लीत एकाला लुगड्याच्या किनारीची नवी बांधणी सुचली की शेजारी येऊन पाहतो आणि आपल्या मागावर चढवतो. मोल कोणी मागत नाही. त्यात काही नवे केले तर मात्र परत येऊन दाखवायचे, एवढाच रिवाज आहे. मुलगा तिथेच वाढला होता, त्याला दुसरे काही ठाऊक नव्हते.

३. पुढे कंपनीने लायसन्सचा नवा करार आणला. सिस्टीम एकाच यंत्रावर चालवायची, आतला मजकूर कोणाला दाखवायचा नाही. काल यंत्रासोबत आपोआप येत होते ते आज कुलपात गेले. मराठी अक्षरे शरच्चंद्रची होती हे कंपनीलाही मान्य होते, पण ती कंपनीच्या सिस्टीमच्या पोटात बसली होती आणि वेगळी काढता येत नव्हती. सबब त्याने कंपनीची मालमत्ता वाटली असे ठरले. बाहेर गेलेल्या टेपा परत मागवून पुसल्या गेल्या. 'जनाबाई' छापलेला कागद पुरावा म्हणून जमा झाला. शरच्चंद्र निलंबित झाला, आणि चौकशी चालू असतानाच धंतोलीच्या दवाखान्यात काविळीने गेला. शेवटी शुद्धीवर होता तेव्हा एवढेच बोलला, "आई, माही टेप पुसू देऊ नको." अर्जदारांनी हो म्हटले होते. म्हणून त्या केंद्राच्या दारात बसून राहिल्या आणि आपण दया येऊन टेप दिली.

४. टेप देण्यापूर्वी लायसन्सप्रमाणे पुसण्यात आली. आपल्या हुकमावरून ती पुसली केंद्रातल्या धोंडबाने, आणि घरी पोचवलीही त्यानेच. तिथून तो सरळ अर्जलेखकाकडे आला आणि बाकावर बसून रडला. "काकूनं टेप पदरात घेतली, अन् म्हणे, जपली बाप्पा तुमी. मंग मी काय सांगू?" अर्जलेखकालाही सांगण्याची हिंमत झालेली नाही. धोंडबावर यासाठी राग धरू नये.

५. अर्जदारांचे म्हणणे असे की टेप घरात ठेवली तर मुलाचे काम वाया जाईल. ज्याला लागेल त्याने न्यावे, उतरवून घ्यावे आणि टेप परत आणून द्यावी. मात्र मुलाच्या नावाला पुन्हा बट्टा नको, म्हणून आधी आपली परवानगी हवी.

६. ती द्यावी. कंपनीचे काही बिघडत नाही, लायसन्सही मोडत नाही. 'परवानगी आहे' एवढे मराठीत लिहून सही करावी, अर्जलेखक ते वाचून दाखवतील. टेप न्यायला पहिला धोंडबा जाणार आहे. पण रिवाजाप्रमाणे त्याला परत येऊन काहीतरी दाखवावे लागेल, आणि दाखवायला जगात आता एकच वस्तू उरली आहे. तेवढा एक कागद चौकशीच्या फाइलीतून सोडावा, ही विनंती.

आपली नम्र,
जनाबाई मारोतराव निमजे
(डाव्या अंगठ्याची निशाणी)

नागपूर, दिनांक ११ ऑगस्ट १९८७

सोबत : काही नाही. टेप अर्जदार हातची सोडत नाहीत.

अर्ज अर्जदारास वाचून दाखविला व त्यांनी तो बरोबर असल्याचे सांगितले. कलम ४ व ६ वाचले नाही.
मनोहरराव, अर्जलेखक