वरच्या सुरांची आयसी

७ फेब्रुवारी २०१६
बद्रीनाथ गाढव आहे. साधं गाढव नाही, दुकान थाटून बसलेलं!
"मुकुंदराव, सहा चॅनेल करताय ना, मग ४४४० टाका की सरळ. रिक्षात वाजती, टेम्पोत वाजती, वरातीत वाजती. कंप्लेंट नाय."
म्हणूनच नको, म्हटलं. रिक्षात वाजणारी आयसी माझ्या घरात वाजणार नाही. गुलमंडीवर इतकी वर्षं सुटे भाग विकतोय हा माणूस, आणि अँप्लिफायर म्हटलं की ह्याला एकच कळतं – किती मोठ्यानं!
सहा चॅनेल कशाला, हे त्याला समजावत बसलो हीच चूक. दोन पेट्या. प्रत्येकीत तीन स्पीकर – एक खर्जाचा, एक मधला, एक वरच्या बारीक सुरांचा. प्रत्येकाला स्वतःची आयसी – आवाज वाढवणारी चिप. खर्जाचं आणि मधलं ठरलंय. अडलंय ते वरच्या सुरांचं. सगळी परीक्षा तिथंच असते. तानपुऱ्याच्या तारांची झणझणती जवारी, गळ्यातली कणी, ओठावरचा 'स' – हे सगळं वरच. तिथं भिकार आयसी लावली की गाणं मेलं.
आणि गाणं कुणाचं, तर स्वरालीचं. मे महिन्यात पुण्याच्या शिष्यवृत्तीला तिचं रेकॉर्डिंग जायचंय. तीन राग गाऊन ठेवलेत. "कुठला पाठवायचा ते तू सांग बाबा. तू म्हणशील तोच." पोरीचं आयुष्य ठरायचंय आणि मी ते मोबाइलच्या पत्र्यातून ऐकून ठरवू?

११ फेब्रुवारी
आजही पाण्याचा टँकर नाही. शेजारच्या देवेशनं मात्र साउंडबार आणला! लांबट डबा. आत आयसी कुठली विचारलं, तर म्हणतो, "काका, ब्लूटूथ आहे." ह्या मुलाला इंजिनिअरिंगची पदवी कुणी दिली?

२१ फेब्रुवारी
वरच्या सुरांना टीडीए २०५० ही आयसी लावून बघितली. स्वरालीचा यमन लावला. बोळा! तोंडात बोळा कोंबून, कांबळं पांघरून गातेय असं वाटतं. तानपुरा नुसता घूं घूं.
आयसी डुप्लिकेट असणार. बायकोचं नेलपॉलिश काढायचं औषध घेतलं, बोळ्यानं आयसीवरचा आकडा घासला. नकली असेल तर आकडा पुसला जातो. नाही पुसला. म्हणजे डुप्लिकेटवालेही सुधारले!
ही म्हणाली, "मला तर छान वाटतंय." हिला कुकरची शिट्टीसुद्धा छान वाटते.

६ मार्च
वाळूजला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत कडुबानं गाठलं. आमच्या प्रेसशॉपमध्ये पत्रा ठोकायच्या मशीनवर काम करतो, फुलंब्रीहून येतो. मी अँप्लिफायर करतोय हे ह्याला कुणी सांगितलं देव जाणे.
"साहेब, घरी कशाला करत बसता? आमच्या गावचा डीजे ऐका एकदा. छातीत असा दणका बसतो!"
छातीनं ऐकणाऱ्या माणसाशी काय बोलायचं? तोच पुढं म्हणाला, "पण यंदा लई गप हाय समदं. पाव्हण्याला तांब्याभर पाणी नाय, लग्नं कोन काढतंय?"
दुष्काळाचा एवढा तरी फायदा.

८ एप्रिल, पाडवा
एलएम ३८८६. जगात नाव असलेली आयसी. बद्रीनाथकडूनच घ्यावी लागली. जोडली. स्वरालीचा यमन – बोळा. बिहाग – बोळा. तिसरा लावलाच नाही. सणाच्या दिवशी दुकान उघडं होतं, तसाच गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हटलं.
"मुकुंदराव, कसम से, ओरिजिनल हाय. बोर्ड बघा, पेट्या बघा, आमचाच माल कशाला दिसतो तुम्हाला?"
चोराच्या उलट्या बोंबा!
घरी आलो तर श्रीखंड वाढून ठेवलेलं. बाकीचे जेवून उठले होते. बरंच झालं.

१७ एप्रिल
कंपनीत मी लोकांना शिकवतो – दोष सापडला की 'का' विचारायचं, उत्तर आलं की पुन्हा 'का', आणि एकेक कारण बाद करत जायचं. घरी तेच लावलं. कपॅसिटर बदलले. बोळा. वरचे दोन्ही स्पीकर बदलले. बोळा. वायर बदलली, पॉवर सप्लाय वेगळा केला. बोळाच. राहिली कोण? आयसी. बद्रीनाथच्या सात पिढ्यांनी अस्सल आयसी पाहिली नसेल.
बाहेर बेचाळीस डिग्री. आयसी थंड ठेवायच्या हीटसिंकच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. हिनं विचारलं, त्यावर सांडगे वाळतील का! ह्या घरात विज्ञानाची ही किंमत.
स्वराली दारात उभी होती. "बाबा, नाही तर माझ्या बाईंना विचारू का, कुठला पाठवायचा?" तिच्या गायनाच्या बाई! मोबाइलवर ऐकून 'वा वा' म्हणणाऱ्या. नाही, म्हटलं. थांब.
थांबली. पोर माझ्या शब्दाबाहेर नाही.

३० एप्रिल
आलं! बंगळूरच्या अधिकृत विक्रेत्याकडून पार्सल. सीलबंद, सोबत कंपनीचा कागद. तीच ३८८६, पण अस्सल. तसाच सोल्डर करायला बसलो.
आतापर्यंत एक चूक करत होतो. कंपनीत माप घ्यायचा गेज तपासायचा तर आधी मास्टर पीस लावतात – ज्याचं माप पक्कं माहीत आहे असा तुकडा. मी मात्र दर वेळी स्वरालीचंच रेकॉर्डिंग लावत बसलो होतो. आज आधी कॉलेजपासून ऐकत आलेली जुनी मैफल लावली. आणि काय सांगू! तानपुरा उघडला. प्रत्येक कण जागेवर. गाणाऱ्या बुवांनी समेच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकला. डोळ्यांत पाणी आलं. हिला हाक मारली, "ऐक, ह्याला म्हणतात अँप्लिफायर!" ती पिंपं भरत होती, टँकर आला होता. आली नाही.
मग स्वरालीचा यमन लावला.
बोळा.

१ मे
तिन्ही राग ऐकले. पुन्हा ऐकले. जुनी मैफल उत्तम, स्वराली बोळा. पुन्हा मैफल, उत्तम. पुन्हा स्वराली, बोळा.
आयसी अस्सल, पेट्या चांगल्या, वायर चांगली, मास्टर पीस बरोबर. एकेक कारण बाद केलं की जे उरतं तेच खरं कारण. मग ते मुलगी का असेना.
तिला बोलावलं. सांगितलं. आवाजाला धार नाही. वरच्या षड्जावर गेलीस की सूर विझतो. शब्दांना टोक नाही, तानपुऱ्याला जवारी नाही. असलं रेकॉर्डिंग पुण्याला पाठवलंस तर लोक हसतील.
"पण बाबा, बाई म्हणाल्या वरचा सा..."
बाईंना काय कळतंय! म्हटलं, कान लागतात त्याला.
वाद घातला नाही तिनं. "तिन्ही तसेच?" एवढंच विचारलं. तिन्ही, म्हटलं.
खोटं बोलून पोरीला वर चढवणारे बाप पुष्कळ आहेत. मी त्यातला नाही.

२ मे
ही दिवसभर फणफणत होती. संध्याकाळी भांडं आदळून म्हणाली, "अहो, दुसऱ्या एका माणसाला तरी ऐकवायचं होतं!"
कुणाला ऐकवू? देवेशला? कडुबाला?

१५ मे
रेकॉर्डिंग पाठवायची आज शेवटची तारीख. स्वराली सकाळीच मैत्रिणीकडे गेली. पाठवलं नाही. विचारायची गरज नव्हती, दिसत होतं.
बँकेच्या परीक्षेचा क्लास लावते म्हणाली. उस्मानपुऱ्यात नवीन निघालाय, गल्लीगल्लीत निघतात तसला. शहाणी आहे. वेळेवर कळलेलं बरं.

२३ मे
आठवडाभरात घरात एक सूर नाही. तिचा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा खोळीत घालून कपाटावर गेला. अँप्लिफायर मात्र झकास चाललाय. मैफल ऐकत बसतो. कुणी येऊन बसत नाही. ज्याला कान नाहीत त्याला आग्रह कशाला?

२ जून
कंपनीत यंदा साहेबलोकांनाही कान तपासायची सक्ती. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. थोडा वेळ दाबलं, मग काहीच येईना. बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तुमचं मशीन बंद पडलंय. त्या म्हणाल्या, "नाही काका, चालूच होतं. शेवटी तर आवाज चांगला मोठा केला होता." मग कागद दाखवला. दोन्ही कानांची रेघ वरच्या सुरांपाशी येऊन खाली कोसळलेली. "एका दिवसात नाही होत हे. प्रेसशॉपमध्ये किती वर्षं झाली?"
मैफल मला ऐकू येत नव्हती. मला ती पाठ होती.
संध्याकाळी घरी आलो. स्वराली क्लासहून आली होती, पाय धुऊन तेच पाणी बादलीत धरत होती. म्हणाली, "बाबा, चहा ठेवू?"
हो म्हणालो.

३ जून
सकाळी तिला सांगितलं, एकदा गा, माझ्यासमोर बसून, अँप्लिफायर नको. ती म्हणाली, "राहू दे बाबा. तुझं बरोबरच होतं. मलाही आता माझं गाणं तसंच ऐकू येतं."